हौशबियाचा पळवून आणलेला दरवाजा

मी दरवाजा बोलतोय. हौशबिया शहराचा पश्चिम दरवाजा म्हणून येणारे-जाणारे माझं कौतुक करतात. करू नका. मी इथला नाही. मला पळवून आणलंय.

माझं गाव इराकातल्या दजला नदीकाठचं बेथ-नहरा. लाकूड हिंदच्या सागाचं, लोखंडी पट्ट्या गावच्या लोहाराच्या. थंडीत वाळवंटातून लुटारू यायचे, तेव्हा शेळ्यामेंढ्यांसकट सारं गाव माझ्याआड दडायचं. देन्हा सुतार माझी निगा राखायचा. मला तिळाचं तेल पाजताना कुरकुरायचा, "किती पितोस लेका! बायकोच्या डोक्याला थेंब उरत नाही."

मग हौशब नावाचा अमीर सुभेदार होऊन आला. त्याला स्वतःच्या नावाचं शहर हवं होतं, तेही झटपट. दरवाजा घडवायला वर्ष लागतं, उपटायला एक सकाळ पुरते. या नागोबाने पाच गावांचे दरवाजे उपटून नेले आणि आपलं आयतं बीळ सजवलं.

देन्हा तहनामा घेऊन त्याच्यापुढे उभा राहिला. "हुजूर, गावाला हात लावणार नाही असं यात वचन आहे. खाली सरकारी शिक्का आहे. दरवाजा गेला तर या थंडीत आम्ही मेलो."

हौशब खजूर चघळत होता. "आता तुमचं रक्षण मी करतो. तुम्हाला दरवाजा हवाच कशाला?" त्याने बी थुंकली. "सुतार आहेस ना? मग तूच बसव."

शहरात मला बसवताना मागे चाबूकवाला उभा होता. देन्हाची बायको शमूनी हळूच म्हणाली, "वाकडा बसवा हो. पडू दे मेल्याच्या डोक्यात."

"वाकडं काम या हातांनी होत नाही, शमूनी."

मूर्ख माणूस! दगडी खोबणीत त्याने मला असा बसवला की दोन बोटांनी फिरावं आणि एकदा अडसर लागला की हत्तीनेही हलू नये.

पुढे हौशबने हुकूम काढला, सूर्य बुडाला की गावकरी शहराबाहेर. दिवसभर त्याच्या शहरासाठी विटा वाहणारे त्यांचे हात संध्याकाळी त्याला घाणेरडे वाटत.

थंडीत लुटारू आले. उघड्या गावातून चाळीसेक माणसं जीव घेऊन इकडे धावली. देन्हा आणि शमूनी पुढे होते. ते पोहोचले तेव्हा मला नुकताच अडसर लागला होता.

"उघडा! लुटारू मागे आहेत!"

"सूर्य बुडालाय," वरून पहारेकरी म्हणाला. "सकाळी या."

"अरे बाबा, हा दरवाजा मीच बसवलाय!"

"मग झकास बसवलायस."

देन्हाचे तळवे माझ्यावर आपटत राहिले. "उघड की रे लेका. मी आहे, देन्हा." मी तसूभरही हललो नाही. मग घोड्यांच्या टापा आल्या. शमूनीची किंकाळी मी ऐकली. ती अजून माझ्या लाकडात आहे.

हौशब अंथरुणात मेला, सुखाने. शहराला अजून त्याचं नाव आहे. बेथ-नहरा कुठे होतं, हे आता कुणाला सांगता येत नाही.

थंडी पुन्हा आलीय. तुमच्यापैकी कुणाच्या घरी सरपण नसेल तर कुऱ्हाड आणा. माझ्याआड माणसं जगावीत म्हणून मला घडवलं होतं. निदान माझ्या जाळावर तरी कुणी शेकू दे.