किनाऱ्यावरच्या चार विहिरी

"इथे सही कर, प्रल्हाद. गुरुवारी क्लायंट येतोय," म्हणत त्याच्या बॉसने, फ्रँकने, नकाशा पुढे सरकवला.

नकाशा एका छोट्या कॅरिबियन बेटाचा होता. समुद्राला लागून दोनशे खोल्यांचं हॉटेल, शेजारी गोल्फचं मैदान आणि त्यांना पाणी पुरवायला किनाऱ्यालगत चार विहिरी. अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावातल्या त्या लहानशा इंजिनिअरिंग कंपनीत प्रल्हाद कानडे १९८१पासून, म्हणजे तीन वर्षं, भूजलाचं काम बघत होता. मीटिंगला त्याला कधी कुणी बोलावलं नव्हतं.

"नाही करता येणार," तो म्हणाला. "या विहिरी चालू झाल्या की दोन-तीन वर्षांत गावाच्या विहिरीत समुद्र शिरेल."

"गावातली निम्मी माणसं कामासाठी बेट सोडून गेलीत. त्यांना हॉटेल हवंय."

"हॉटेल नको असं मी म्हणतच नाही. विहिरी दोनच ठेवा, टेकडीकडे न्या. खोल्या कमी करा."

फ्रँक नकाशा उचलून निघून गेला.

संध्याकाळी घरी त्याच्या बायकोने, सुनेत्राने, सगळं ऐकून घेतलं. "अहो, आपलं ग्रीन कार्ड त्यांच्याच स्पॉन्सरशिपवर आहे ना? त्यांनी अ‍ॅप्लिकेशन विड्रॉ केलं तर?"

"तर परत जायचं."

"इतकं सोपं आहे?"

सोपं नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं. तो वेंगुर्ल्याच्या घरच्या विहिरीबद्दल बोलायला लागला. पलीकडच्या नारळाच्या बागेत मोठा पंप बसला आणि त्यांच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं. पुढे पंप बंद पडला, तरी पाणी काही गोड झालं नाही. डाळ शिजता शिजायची नाही. आई चुलीपुढे रडकुंडीला यायची.

"हे मला कधी सांगितलं नाहीत," सुनेत्रा म्हणाली. मग कपबशा उचलता उचलता म्हणाली, "नका करू सही. बघू काय होतं ते."

गुरुवारी हॉटेलच्या मालकाबरोबर बेटाच्या बांधकाम खात्याच्या प्रमुखही आल्या होत्या. मिसेस बॅप्टिस्ट, पन्नाशीच्या, चष्मा नाकावर ओढून प्रत्येक कागद वाचणाऱ्या.

"पाण्याच्या नकाशावर सही का नाही?" त्यांनी विचारलं.

फ्रँकने प्रल्हादला आत बोलावलं.

प्रल्हादने उभ्याउभ्याच सांगितलं. आकडे पाठ होते.

"तुमच्या पद्धतीने किती खोल्या होतील?" मिसेस बॅप्टिस्टनी विचारलं.

"एकशेवीस."

मालक पुढे सरसावला. "एकशेवीसमध्ये आम्हाला परवडत नाही."

"गोल्फचं मैदान सोडा, परवडेल," त्या म्हणाल्या. "माझी भाचरंडं एकशेवीस खोल्यांतही कामाला लागतील. प्यायला पाणी नसेल, तर कामाला यायला गावात कोण उरेल? याच आराखड्याला मी परवानगी देईन."

मालकाने तासभर वाद घातला आणि अखेर मान्य केलं.

सगळे गेल्यावर फ्रँक प्रल्हादच्या टेबलापाशी आला. "नवा नकाशा सोमवारपर्यंत हवा," तो म्हणाला, आणि जाता जाता वळला. "तुझ्या ग्रीन कार्डचा एक फॉर्म माझ्याकडे आलाय. उद्या पोस्टात टाकतो."

प्रल्हादने सुनेत्राला फोन करून दोन वाक्यांत सांगितलं. पलीकडे ती नुसतीच "बरं, बरं" म्हणत राहिली.

पाच वाजता तो गाडीत येऊन बसला. लगेच निघवेना. मागच्या सीटवरचा, दुपारी न उघडलेला डबा त्याने मांडीवर घेतला, काच खाली केली आणि गार झालेली पोळीभाजी सावकाश, शेवटच्या घासापर्यंत खाल्ली.