डब्यातलं घड्याळ

सर्जापूर रोडवरच्या निहारला सुट्टीचं एकच वेड होतं. मोबाईलवरच्या खुणेवरून, रानात कुणीतरी लपवलेला डबा हुडकायचा. आकाशातले उपग्रह कामाला लावून झाडाच्या ढोलीतून काढायचं काय, तर प्लास्टिकचा बेडूक! पण नियम कडक. डब्यातली एक वस्तू घेतली, की आपली एक ठेवायची. त्यासाठी त्याच्या सॅकमध्ये किडुकमिडुक भरलेली पिशवी कायम असे.

त्याच पिशवीत त्यानं वडिलांचं चावीचं घड्याळ टाकलं होतं. पुण्याहून राहायला आलेल्या आईनं, पद्मावतीबाईंनी, ते पट्टा बदलायला दिलं होतं. नवरा गेल्यापासून ती रोज सकाळी त्याला चावी देई. एकदाही बंद पडू दिलं नव्हतं. जयनगरच्या दुकानात जायचं निहार साफ विसरला. आणि मागच्या रविवारी देवनहळ्ळीजवळच्या निलगिरीच्या झाडीत त्याच्या बायकोनं, हेमलतानं, बेडूक घेतला आणि तुटक्या पट्ट्याचं ते घड्याळ किडुकमिडुकच समजून डब्यात ठेवलं.

शनिवारी हे उघडकीला आलं, तशी दोघं तडक गाडी घेऊन निघाली. नाचणीच्या शेताचा बांध, प्लॉट पाडल्याचे दगड, मग झाडी. डबा ढोलीत जिथल्या तिथं होता. आत घड्याळाऐवजी लाकडी मासा निघाला.

खेळाच्या अ‍ॅपवर घड्याळ नेणाऱ्याचं नाव होतं. कुणी परदेशी, पुढच्या विमानाला वेळ होता म्हणून विमानतळावरून इथवर आलेला. निहारनं काकुळतीला येऊन लिहिलं. उत्तर लगेच आलं, तेही अगदी खुशीत. घड्याळ त्यानं नॉर्वेतल्या एका जंगलातल्या डब्यात ठेवलं होतं, आणि तिथूनही ते कुणीतरी नेलं होतं, नाव न लिहिता. केवढा प्रवास घडला त्याला, असंही वर लिहिलं होतं.

आता ओरडायचं कुणावर? चोरी कुणी केलीच नव्हती. सगळे नियमानं वागले होते. हेमलता बांधावर बसून रडली. निहारनं मासा परत डब्यात घातला आणि डबा ढोलीत ठेवला.

घरी येईपर्यंत त्यानं आईला सांगायचे शब्द मनाशी जुळवून ठेवले होते. दार तिनंच उघडलं.

"पट्ट्याची घाई नाही रे," ती म्हणाली. "चावी तेवढी देतोयस ना रोज?"

"देतोय," निहार म्हणाला.

"मग बरं," म्हणून ती चहा टाकायला आत गेली.