मॅनेजरची जागा

बाबांनी गिऱ्हाइकाच्या गळ्यातलं कापड सोडलं, दाराकडे तोंड करून फट्दिशी झटकलं, आणि दुकानातल्या सगळ्या माना एकदम कोपऱ्याकडे वळल्या.

कोपऱ्यात लाकडाची दांडी होती. दांडीवर कोणीच नव्हतं.

परवापर्यंत तिथे मॅनेजर बसायचा. मॅनेजर म्हणजे मैना. नर की मादी हे शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही, पण ऐट अशी की दुसरं नाव सुचलंच नाही. एक पंख अधू, त्यामुळे पिंजऱ्याचा प्रश्नच नव्हता. कापड झटकल्याचा आवाज आला रे आला की मान तिरकी करून तो ओरडायचा, "पुढचा!" आणि बाकावरचा पुढचा माणूस मुकाट्याने उठून खुर्चीत बसायचा. नंबरावरून या केशकर्तनालयात कधी भांडण झालं नाही. मॅनेजरशी कोण हुज्जत घालणार?

परवा सकाळी शटर वर केलं तेव्हा तो दांडीखाली निपचित पडलेला होता. म्हातारा झाला होता, झोपेतच गेला. बाबांनी आणि त्यांच्या लेकीने त्याला दुकानामागच्या जास्वंदीखाली पुरलं. तेव्हापासून बाबा धड बोललेलेच नव्हते. केस कापताना अख्ख्या जगाच्या गप्पा मारणारे बाबा आता फक्त "मान खाली" आणि "मान वर" एवढंच म्हणत होते. आज सकाळी मात्र त्यात एक वाक्य वाढलं होतं.

"संध्याकाळी ती दांडी काढून टाक. पेचकस खणात आहे."

छोटी नुसती "हं" म्हणाली. छोटी म्हणजे बाबांची लेक. नववीत होती, बाबांपेक्षा चार बोटं उंच, तरी नाव छोटीच. एरवी ती शाळेत बोलायला लागली की बाई खडू ठेवून खुर्चीत बसायच्या. पण "नको ना, राहू द्या" एवढं म्हणायला तोंड उघडलं तर आधी रडूच बाहेर येईल, ही तिला पक्की खात्री होती. आणि बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकांसमोर भोकाड पसरायचं? शक्यच नाही! म्हणून शाळेतून आल्यापासून ती खाली मान घालून केस झाडत होती. झाडलेलेच परत झाडत होती. पेचकस खिशात टोचत होता.

कापड झटकून झालं. खुर्ची रिकामी. बाकावरचे दोघं एकदम उठले, एकमेकांकडे बघून एकदम बसले.

"तुमचा नंबर."

"छे छे, तुमचा."

"अहो, मला काही घाई नाही."

"मला तर मुळीच नाही."

बाबा कापड हातात धरून भिंतीकडे बघत उभे. असा अवघडलेपणा की झाडू थांबवला असता तर शांततेने कान दुखले असते. आणि तेवढ्यात त्या दोघांतल्या एकाने, शेजारच्या बेकरीवाल्या काकांनी, छाती भरून श्वास घेतला नि आरोळी ठोकली.

"पुढचाऽऽ!"

खुर्चीत दाढी करून घेणारा माणूस असता तर त्या दिवशी नक्की कापला असता. काकांचा आवाज त्यांच्या पोटाएवढाच मोठा होता.

"हा काय आवाज झाला?" बाकाच्या टोकावरून दुसरे, म्हणजे सर, म्हणाले. सर गणिताचे, आता निवृत्त, डोक्यावर कानांमागे चार चुकार केस. "मॅनेजर बोलायचा की म्हैस हंबरायची?"

"मग तुम्ही करून दाखवा!"

सरांनी घसा खाकरला. "पुढचा."

"हजेरी घेताय का?" काका म्हणाले. "त्याचा नाकातून यायचा. बारीक. असा, पुढच्याँ!"

पलीकडच्या दुकानातून शिंपीण मावशी मोजपट्टी गळ्यात घेऊनच धावत आली. "काय चाललंय? कोणाला काय लागलं?"

"काही नाही, मॅनेजरचा आवाज काढतोय," काका म्हणाले.

"असा?" मावशीने कपाळावर हात मारला. "भिंतीपलीकडून त्याच्या 'पुढचा'वर मी दिवसभर मशीन चालवायचे. दोन दिवस एक सरळ शिवण पडली नाहीये माझी. सरका, मी सांगते." आणि तिने असा काही चिरका सूर लावला की रस्त्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

छोटीला हसू आलं. झाडूच्या दांड्यावर हनुवटी टेकून ती खुदखुदली आणि मग तिने घाबरून बाबांकडे बघितलं. बाबांची पाठच दिसत होती. आरशात बघायची हिंमत होईना.

"बरं, नंबर माझाच आहे," म्हणत सर उठले आणि खुर्चीत बसले. बाबांनी कापड बांधलं.

आता मॅनेजरचं दुसरं वाक्य यायची वेळ होती. सर खुर्चीत बसले की तो दर वेळी न चुकता विचारायचा, आणि सर दर वेळी न चुकता चिडायचे. पण कोपरा गप्प. सर वाट बघत राहिले. मग आरशातल्या आपल्या तुळतुळीत डोक्याकडे बघून त्यांनी स्वतःलाच विचारलं, "काय कापायचं?"

सगळ्यांत आधी बाबाच हसले! कात्री हातातच, खांदे गदगदताहेत, डोळ्यांतून पाणी वाहतंय. मग सगळेच सुटले. मावशीने तर मोजपट्टीनेच डोळे पुसले.

"पण जमलं कोणालाच नाही," बेकरीवाले काका म्हणाले.

"जमणार कसं?" सर म्हणाले. "तो आवाज त्याचा होता कुठे? या पोरीचा होता. एवढीशी होती, दांडीखाली बसून दिवसभर 'पुढचा, पुढचा' करायची. मी बसलो की 'काय कापायचं?' म्हणून विचारायची. त्याने तिचंच उचललं."

छोटी बघतच राहिली. "माझा?"

"तुझाच." बाबा आरशातून तिच्याशी बोलत होते. "तू मोठी झालीस गं, तुझा आवाज बदलला. त्याच्याकडे तेवढा जुना राहिला होता."

आत्ता कळलं तिला, बाबा इतके गप्प का होते ते. रडू आलं, अगदी सगळ्यांसमोर आलं, आणि गंमत म्हणजे काहीच बिघडलं नाही. मावशीने जवळ ओढलं. काकांनी खिशातून एक चुरगळलेलं बिस्किट काढून हातात ठेवलं. सर म्हणाले, "आता आटप. बाक खोळंबलाय."

सरांचे चार केस कापायला कितीसा वेळ लागणार! बाबांनी कापड सोडलं, दाराकडे तोंड केलं आणि फट्दिशी झटकलं.

छोटीने नाक चिमटीत धरलं, मान तिरकी केली.

"पुढचा!"

रस्त्यावरून जाणारा एक माणूससुद्धा थबकला. बाबांनी डोळे मिटले, उघडले.

"पास," सर म्हणाले.

छोटीने खिशातला पेचकस काढला. "बाबा, ही दांडी..."

"दांडीला हात लावशील तर बघ! या खुर्चीचा हात केव्हाचा डुगडुगतोय, तो घट्ट कर आधी."

ती खुर्चीपाशी बसली आणि स्क्रू पिळता पिळता म्हणाली, "रोज शाळेतून आल्यावर मीच ओरडले तर पगार मिळेल?"

"मॅनेजरला होता तेवढाच."

"अर्धं केळं? बाबा! माझी उंची तरी बघा!"

"बरं," बाबा म्हणाले, आणि कात्री हवेत दोनदा वाजवली, पूर्वीसारखी. "अख्खं घे."