समुद्रफुलाला गोडं पाणी

“मेलंस की जिवंत आहेस, एवढं तरी सांग,” काचेवर नखानं टकटक करत रेग्ला म्हणाली.

टाकीतलं समुद्रफूल, नावाला फूल पण खडकाला चिकटून जगणारा समुद्री जीव, हललंसुद्धा नाही. परवापर्यंत ते हिरवी बोटं पसरून डोलत होतं, बोटांची टोकं जांभळी. आज आक्रसून मुठीएवढं झालं होतं. मधलं तोंड उघडं पडलं होतं आणि त्यातून तपकिरी शेंबूड लोंबत होता. बाहेर पूर्वेचा लेवान्ते वारा खिडक्या आपटत होता. तो सुटला की इस्ला गावातली निम्मी माणसं डोकं धरून बसतात. रेग्लाचं डोकं वाऱ्यानं फिरणाऱ्यांतलं नव्हतं, पण आज तिला काही सुधरेना.

शेजारची फ्रास्किता नेहमीसारखी दार न वाजवता आत आली. “अगं, पिठात घोळ आणि सोड तेलात! जन्मभर हेच केलंस, आता सुतक कसलं?”

“तुझी जीभ घोळ पिठात.”

“खोटं बोलतेय का मी? तुझ्या एलोयच्या लग्नात परातभर समुद्रफुलं तळली होतीस. नव्या सुनेनं एक खाल्लं आणि अंगणात जाऊन ओकली.”

“डोंगरातली पोर ती. तिला काय कळतंय!”

पण रेग्लाचा जीव टांगणीला लागला होता तो त्या डोंगरातल्या पोरीपायीच.

एलोय तिचा एकुलता एक. हे फूल त्यानंच ओहोटीच्या वेळी खडकावरून सोडवून तेलाच्या डब्यातून घरी आणलं. “खायला नाही आई, बघायला,” म्हणाला. गेल्या हिवाळ्यात मासळी बाजारात उभ्या उभ्या त्याचं काळीज थांबलं. मूल नाही, बाळ नाही. सून अरासेली आपल्या माहेरी, ऑलिव्हच्या मुलखात निघून जाणार, असं सगळी गल्ली म्हणत होती. ती गेली नाही. रोज सकाळी टाकीपुढे बसायची, काच पुसायची, दिवा लावायची. सासू-सुनेची रश्शातल्या मिठावरून भांडणं व्हायची, पण घरात आवाज तरी असायचा. रेग्लानं मनाशी ठरवून टाकलं होतं: हे येडं फूल आहे तोवर पोरगी आहे. ज्या दिवशी हे मरेल, त्या दिवशी ती पेटी भरेल. हे तिनं कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं, फ्रास्किताजवळ तर नाहीच.

आणि आता अरासेलीची आई पडली, म्हणून ती गावी गेलेली. जाताना सांगून गेली होती, “पाणी या रेघेखाली उतरलं की बाटलीतलं गोडं पाणी घाला. समुद्राचं नको.”

“समुद्राच्या जिवाला गोडं पाणी? ऑलिव्हखाली जन्मलेली तू, मला समुद्र शिकवतेस?”

सुनेची पाठ वळली आणि रेग्ला बादली घेऊन धक्क्यावर गेली. वारा रोज टाकीतलं पाणी पिऊन घेई, आणि रेग्ला रोज खाडीचं ताजं पाणी आणून रेघेपर्यंत भरी.

फ्रास्किता गेल्यावर तिनं दाराला कडी घातली आणि सुनेला फोन लावला. जन्मात कुणाला काही विचारलं नव्हतं.

“तुझं फूल तोंड वासून बसलंय.”

“काय घातलंत?”

“काय घालणार? पाणी.”

“कुठलं?”

रेग्ला बाहीनं टाकीची काच पुसू लागली.

“आई, कुठलं पाणी?”

“त्याच्या माहेरचं.”

पलीकडून हसू आलं की हुंदका, कळलं नाही. “अहो, वाऱ्यानं पाणी उडतं, मीठ कुठं उडतं? ते खालीच राहतं. त्यात तुम्ही रोज आणखी मीठ ओतलंत.”

रेग्लाचा बाप मिठागरात राबून मेला. ती स्वतः अनवाणी पायांनी तिथं मीठ ओढत मोठी झाली. ऊन पाणी नेतं आणि मीठ ठेवून जातं, हे तिला चालायला लागल्यापासून ठाऊक होतं.

“ते मला माहीत आहे,” ती म्हणाली. ते खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं.

“आता एकदम नका ओतू. पेलाभर काढा, पेलाभर गोडं घाला, मग थांबा. नाहीतर धसका घेईल.”

मग रेग्ला थांबायला शिकली. पेला काढायचा, पेला घालायचा, खुर्चीत बसायचं, फुलाला चार शिव्या द्यायच्या, पुन्हा उठायचं. ते सुधारतंय की सडतंय, काही उमगेना. बाहेर काढून फेकावं म्हणून एकदा हात घातला आणि तसाच मागे घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी एक हिरवं बोट बाहेर आलेलं दिसलं. मग आणखी एक.

अरासेली आली ती हातातली पिशवीही न ठेवता टाकीपाशी गेली. फूल परातीसारखं पसरलं होतं.

“एलोयच्या हातातसुद्धा असं फुललं नव्हतं,” ती म्हणाली.

रेग्लाची छाती फुगली. तेवढ्यात सून खुर्चीच्या कडेला टेकली.

“आईचं खुब्याचं हाड जुळत नाही. तिला उठवायला-बसवायला माणूस लागतं. माझा इथून पाय निघत नव्हता तो याच्यापायी. तुमच्या हातून मरेल, असं वाटायचं. आता तुम्हाला येतं.” मग हळूच म्हणाली, “जमेल ना तुम्हाला?”

‘नाही’ एवढंच म्हणायचं होतं. नाही बये, मला नाही जमत. शब्द ओठापर्यंत आलेही, पण त्या जिभेला त्यांची सवय नव्हती.

“मला न जमायला काय धाड भरलीय?”

अरासेलीनं मान डोलावली. तिलाही दुसरंच उत्तर हवं होतं की काय, रेग्लाला कळलं नाही. आता विचारणार तरी कसं?

अरासेलीची बस वळणाआड गेल्यावर रेग्ला घरी आली. एक कोळंबी सोलून तिनं पाण्यात हात घातला. हिरवी बोटं कोळंबीला चिकटली, मग तिच्या बोटांना. कोळंबी आत गेली तरी त्यांनी तिचा हात सोडला नाही. फुलानं तिला धरून ठेवलंय, की तिलाही गिळायला बघतंय, तिला समजेना. बाही कोपरापर्यंत भिजली. रेग्लानं हात तसाच राहू दिला.