बुधवारची खुर्ची

“मोठ्या माणसापुढं तोंड उघडावं ते जांभई द्यायला, अन् तीही पाठ फिरवून.”

सासूबाईंना जाऊन पुष्कळ काळ लोटला होता. पण भर टाळ्यांत वहिनीला ऐकू आला तो त्यांचाच आवाज. हातातला कप तसाच धरून ती उभी होती. समोर कपांच्या कारखान्यातली सगळी माणसं टाळ्या वाजवत होती आणि नवे साहेब तिच्याकडे हात करून कौतुकानं हसत होते.

“याला म्हणतात मोकळेपणा! वहिनी आपल्या पायांनी माझ्याकडे आल्या. डाव्या कानानं ऐकू येत नाही, हे स्वतःच्या तोंडानं सांगितलं. असं धाडस प्रत्येकानं दाखवायला हवं. उद्यापासून आपण त्यांना कप तपासण्याच्या टेबलावरून काढून खोकी बांधायला बसवतोय. तेवढाच आराम.”

“कपाला कान आहे, वहिनीला नाही!” मागून कुणीतरी पुटपुटलं आणि खसखस पिकली. तेवढं मात्र तिला लख्ख ऐकू आलं.

भट्टीतून कप निघाला की वहिनी त्याला लाकडी दांडीनं हलकेच ठोकायची. धड कप झिणझिण गायचा. तडा गेलेला बद्द वाजायचा. पारखलेला कप शेजारी बसलेल्या नणंदेकडे जाई. ती तो पुसून रचून ठेवी. ही धाकटी नणंद तिला दिवसभर ‘वहिनी, वहिनी’ करायची, म्हणून ती साऱ्या कारखान्याची वहिनी झाली होती. सासूबाईंची ही जागा तिला मिळाली ती तिच्या कानामुळे. माहेराहून दागिना आणला नव्हता. कान आणला होता.

मागच्या थंडीत डावा कान विझत गेला, तेल सरलेल्या दिव्यासारखा. पाठीमागचा मोठा पंखा सुरू झाला की उरलेला कानही त्या घरघरीत बुडायचा. तडा गेलेला कप आपल्या हातून निसटेल, कुणाच्या तरी ओठांशी गरम चहासकट फुटेल, हा विचार तिला सोडेना.

घरी सांगायची सोय नव्हती. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, “तुला माझं बोलणं कधी ऐकू येत होतं?” आणि नणंदेला सांगायचं तर जीभ उचलेना. जिच्यापुढं आयुष्यभर कानाचा तोरा मिरवला, तिच्यापुढं कसं वाकायचं?

तेवढ्यात हे साहेब आले. त्यांनी आपल्या टेबलासमोर एक खुर्ची मांडली. दर बुधवारी कुणीही यावं, बसावं, मनातलं बोलावं. भट्टीवाला म्हणाला, “त्या खुर्चीत बसलं की पाठदुखी जाते. मागोमाग नोकरीही.” सगळे हसले. पण परक्यापुढं मन उघडणं कधीकधी सोपं असतं. वहिनी जाऊन बसली. साहेबांनी स्वतः उठून पाणी दिलं. ती बोलताना मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, “हे या चार भिंतींतच राहील.” तिनं मागितलं होतं एवढंच: टेबल पंख्यापासून दूर, पलीकडच्या भिंतीशी हलवा.

टाळ्या थांबल्या, माणसं पांगली. वहिनी साहेबांच्या दाराशी गेली.

“चार भिंतींत राहील म्हणाला होतात.”

“अहो वहिनी, पण मी कौतुकच केलं की! तुमच्यामुळं आणखी चारजण बोलायला पुढं येतील.”

“मी टेबल हलवा म्हटलं होतं. मला हलवा नव्हतं म्हटलं.”

साहेबांचा चेहरा खरोखरच गोंधळला. “तुम्ही नाराज आहात का? मग मोकळेपणानं बोला ना. बसा.”

त्यांनी खुर्ची पुढं सरकवली. वहिनीनं तिच्याकडं पाहिलं आणि ती उभ्याउभ्याच माघारी फिरली.

तपासणीच्या टेबलाशी नणंद वहिनीची दांडी हातात घेऊन बसली होती. 

“तुला दिली का माझी जागा? बरं झालं. जागा घरातच राहिली.”

“टोमणे नंतर मार. आधी बस.”

“कशाला? तुझे कप पुसायला?”

“वहिनी, मला ठाऊक होतं.” नणंदेनं दांडी खाली ठेवली. “थंडीपासून ठाऊक होतं. तू पुढं सारलेला कप मी पुसता पुसता नखानं पुन्हा वाजवून बघायचे. बद्द वाजला की गुपचूप खाली टोपलीत. तुला कळायचं नाही.”

 वहिनीच्या पारखेचा एवढा दबदबा, आणि तो दुसरीच्या नखावर उभा होता.

“मग बोलली का नाहीस?”

“वाट बघत होते. म्हटलं, आज सांगेल, उद्या सांगेल. तुझी झाकली मूठ मी जिवापाड सांभाळली, आणि तू ती जाऊन परक्याच्या टेबलावर उघडलीस. मला कळलं कधी? सगळ्यांबरोबर. टाळ्या वाजवताना.” तिचा आवाज चिरकला. “मीही वाजवल्या. न वाजवून करते काय?”

पंखा घरघरत होता. नणंद उठली, तिनं भिंतीवरचं बटण दाबलं. पाती रेंगाळत थांबली, तेव्हा दालन एवढं मोठं आहे हे दोघींना पहिल्यांदाच जाणवलं.

वहिनी नणंदेच्या शेजारी बसली. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“साहेबाला मी अर्धंच सांगितलं,” ती म्हणाली. “उजवाही जायला लागलाय गं.”