पुरणयंत्रावरचं नाव

पद्मजाच्या पोटात आठ दिवसांपासून दुखत होतं, आणि ते दुखणं कसलं हे तिला पक्कं ठाऊक होतं. धाकट्या दिराची बायको मार्ता पोलंडहून एकटीच, पहिल्यांदा पुण्यात आली होती. तिने लाटलेल्या वेड्यावाकड्या पोळीचं सासूबाईंनी अख्ख्या सोसायटीत कौतुक केलं. पद्मजाची पोळी सत्तावीस वर्षं गोल येत होती. तिच्याबद्दल कधी कुणी चकार शब्द काढला नव्हता.

आज तर कहरच झाला. "हिला भांड्यांची दुकानं दाखव," सासूबाईंनी फर्मावलं, "आणि माझ्याकडून एक पुरणयंत्र घे. वर हिचं नाव घालून आण." पद्मजा ज्यातून पुरण काढायची त्या यंत्रावर सासूबाईंचं नाव होतं. वाट्या-चमच्यांवरसुद्धा त्यांचंच.

रविवार पेठेत मार्ता नुसती हरखून गेली. किसण्या, झारे, सोऱ्या, जे दिसेल त्याला हात लावून पाही. एरवी "घ्यायचंय, की नुसतंच बघायचंय?" म्हणणारे दुकानदार संतोषशेठ आज तिच्यापुढे स्टूल सरकवून चहा मागवत होते. पद्मजा उभीच. नुसता जळफळाट झाला तिचा.

पुरणयंत्र घेतलं. नाव घालणाऱ्या म्हाताऱ्याने मशीनची सुई टेकवली. "काय घालू?"

"पद्मजा."

चुकून तोंडातून गेलं, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. पण चुकून वगैरे काही नव्हतं. मार्ता मराठी मोडकंतोडकं बोले, वाचता मात्र तिला येत नव्हतं.

मार्ताने अक्षरांवरून बोट फिरवलं. "माझं नाव! किती सुंदर!"

संध्याकाळी यंत्र समोर ठेवून ती एकेक अक्षर वहीत उतरवत बसली. पद्मजाचे हात कणकेत आणि जीव टांगणीला. पान भरलं तशी मार्ता उठली ती थेट सासूबाईंकडे. "आई, बघा, मी माझं नाव लिहिते!"

सासूबाईंनी चष्मा लावला. पद्मजा, पद्मजा, पद्मजा. त्यांनी अख्खं पान वाचलं.

"अक्षर छान आहे हो," त्या मार्ताला म्हणाल्या. मग पद्मजाकडे न बघताच, "उद्या हिच्या नावाचं आण. हे राहू दे आपल्या ओट्यावर. हवं होतं तर तोंडाने मागायचंस. नाही म्हटलं असतं का मी?"

हवं ते मिळालं होतं आणि पद्मजाला मान वर करवेना. मार्ता हसत हसत परातीपाशी आली.

"ताई, आई काय म्हणाल्या?"