चिंचबागेत भरती

उगवत्या देशांच्या चषकाला येताना प्रत्येक संघाला आपलं अर्धं मैदान घरून आणावं लागे. ज्या देशांत फुटबॉलला अजून मिसरूड फुटायचं होतं, त्यांच्याच क्लबांसाठी ही स्पर्धा. कोल्हापूरच्या चिंचबाग तालमीनं सकाळी पाणी मारून आपलं मैदान गुंडाळलं, सुतळीनं बांधलं आणि खांद्यावर टाकून परमुलखातल्या स्टेडियमपर्यंत आणलं. माती ओली असली की गुंडाळताना चिरा पडत नाहीत, हे तालमीत कुणालाही ठाऊक असतं.

गोलकीपर सर्जेरावनं सुतळी सोडली. मैदान उलगडत गेलं तशी आधी तांबडी माती निघाली, मग चुन्याच्या रेषा, मग तालमीच्या दारातला चिंचेचा पाला, आणि अगदी आतल्या घडीतून सर्जेरावची सगुणाआत्ती निघाली. मांडीवर सूप, सुपात सांडगे.

"आत्ती, तू हितं कुठं?"

"मी वाळवण राखत बसलो हुतो. तुमी गुंडाळलासा. इचारलासा का कुणाला?"

"हाक मारायची न्हाई व्हय?"

"मारलो की. तोंडात माती गेली." तिनं सूप झटकलं. "सांडगं मातूर एक मोडलं न्हाई. ऊन कुठल्या अंगाला येतं हितं?"

कप्तान दिलावर मुल्लानं तिला ऊन बघून रेषेच्या कडेला बसवलं.

समोरचा संघ एका दूरच्या बेटाचा. त्यांचं मैदान होडीतून आलं. उलगडलं तर नुसती पांढरी वाळू, आणि वाळूमागोमाग समुद्र. त्यांच्याकडं समुद्र मैदानातच धरतात. दिवसातून दोनदा तो खेळायला येतो.

पंच दाभण घेऊन आला. मध्यरेषेवर टाके घालून त्यानं दोन्ही मैदानं जोडली आणि नियम सांगितले. घर बदलता येत नाही, म्हणून मध्यंतरानंतर बाजू बदलायच्या नाहीत. जो हरेल त्याचं मैदान जिंकणाऱ्याच्या मैदानाला कायमचं शिवलं जाईल.

"आणि मग आमी खेळायचं कुठं?" दिलावरनं विचारलं.

"गल्लीत," पंच म्हणाला. "पुष्कळ जण खेळतात."

सर्जेरावनं पायाखाली बघितलं. या मातीवर तो उभा राहायला शिकला होता. इथंच पेठेतल्या पोरी सायकल शिकल्या, इथंच संध्याकाळी म्हातारी माणसं चपला उशाशी घेऊन आडवी होत. हे मैदान गेलं तर तालमीचं दार उघडायचं कशावर?

पहिल्या अर्ध्यात भरती आली. पाणी मध्यरेषेच्या टाक्यांपर्यंत आलं आणि भिंतीसारखं उभं राहिलं. रीतीभातीचा समुद्र होता. पलीकडची जमीन दुसऱ्याची आहे, हे त्याला कळत होतं. बेटाची माणसं कमरेइतक्या पाण्यात खेळत, आणि चेंडू त्या भिंतीतून निथळत बाहेर येई. एकदा चेंडूऐवजी बांगडा आला. सर्जेरावनं तोही झेप घेऊन अडवला.

"सर्जा, सोडू नगंस त्याला," मागून, संघाबरोबर आलेल्या पेठेतलं कुणीतरी ओरडलं, "रश्शाला हाय!"

मध्यंतराला कुणाचाच गोल नव्हता. बेटाचा गोलकीपर टाक्यांपाशी येऊन उभा राहिला. नाव तेबुका, वयानं पिकलेला, गालावर शिंपले चिकटलेले, आणि हसू असं की बघणाऱ्यालाही यावं. सर्जेरावला राहवेना. तालमीत कुस्तीची जोड कितीही कडवी असो, भिडायच्या आधी समोरच्याच्या दंडाला आपल्या हातानं माती लावायची असते. लावली नाही तर तो दारातून उपाशी गेला, असं धरतात. सकाळच्या घाईत ते राहूनच गेलं होतं. सर्जेराव वाकला, मूठभर तांबडी माती उचलली आणि भिंतीतून हात घालून तेबुकाच्या दोन्ही दंडांना चोळली.

"आमच्यात माती लावली की बोलावणं झालं," तेबुका म्हणाला.

"झालं की."

"आणि आम्ही एकटे येत नाही. घरचे सगळे येतात."

"या की. त्यात काय इचारायचं?"

दिलावरनं कपाळावर हात मारला. "लेका सर्जा, त्येच्या घरात कोण कोण हाय, त्ये तरी इचारायचंस."

तोवर तेबुकानं मागं वळून समुद्राला लाडक्या नावानं हाक मारली होती.

समुद्रानं टाके ओलांडले, उजवा पाय आधी टाकून. चुन्याच्या रेषा सुटल्या आणि गजऱ्यासारख्या तरंगू लागल्या. पाणी मातीनं तांबडं झालं. चिंचबागेचं मैदान आकसू लागलं, आधी सतरंजीएवढं, मग घोंगडीएवढं. दिलावर उताणा पोहत चेंडू पोटावरून नेत होता, पण पाणीच बेटाचं. ते चेंडू हळूच काढून घेई. पेठेतली माणसं विजारी गुडघ्यावर सारून आत उतरली. बायांनी ओचे खोचले. समुद्र याआधी कुणी पाहिला नव्हता, तेव्हा जो तो त्याची चव घेऊन बघत होता आणि मीठ जास्त झालंय म्हणत होता. सगुणाआत्तीनं सूप डोक्यावर घेतलं आणि गळा मोकळा सोडला:

"दारी आला गं सोयरा, पाय धुवाया देऊ पाणी,
सोयराच पाणी बाई, त्याचं पाय धुवावं कुणी?"

सर्जेराव दोन खांबांच्या मधे उभा होता. आता माती उरली होती ती पाटाएवढी. दोन्ही पाय त्यानं त्यात रोवले.

"पंच, वेळ किती ऱ्हायली?"

"एक लाट," पंच म्हणाला. त्याच्या हातात दाभण ओवून तयार होतं.

ती उठली. आडव्या दांड्याच्या वर गेली तरी उठतच राहिली. तिच्या पोटात, पिवळ्या बलकासारखा, चेंडू दिसत होता. चेंडूच्या भोवती तेबुका होता, त्याचे दहा गडी होते, होड्या, कोंबड्या, कडेवरची पोरं, आणि त्यांची एक म्हातारी नेसूच्या निऱ्या सावरत होती. समुद्र चेंडू मारत नव्हता. पोटाशी धरून स्वतःच चालत येत होता.

"सर्ज्या," आत्ती म्हणाली, "चेंडू एकटा गावायचा न्हाई तुला."

"मग?"

"समदाच धर."

लाट त्याच्यापुढं येऊन वाकली. तिला खारट, घरच्यासारखा वास होता. सर्जेरावनं हातमोजे काढून मागं टाकले, फार दिवसांनी भेटणाऱ्या माणसाला उघडावेत तसे दोन्ही हात उघडले, आणि समुद्रानं हनुवटी त्याच्या खांद्यावर टेकली.